आईच्या आवाजाला कोणती सुई

१६ मार्च २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. कारणं दोन. एक म्हणजे प्रयोग करायचा तर नोंदी हव्यात, आणि मी कळमनुरीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबचा सहायक आहे, तेव्हा हे मला कुणी शिकवायला नको. दुसरं म्हणजे राग आला की तो लिहून काढावा, असं एका व्हिडिओत सांगितलंय. मला राग येत नाही. विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आल्यापासून तर नाहीच. (शिबिर दहा दिवसांचं होतं. मी चौथ्या दिवशी परत आलो. शेजारचा माणूस डोळे मिटून नाकानं शिट्टी वाजवत होता, आणि मी त्याच्या पाठीत गुडघा घातला. शिट्टी थांबली. म्हणजे शिबिराचा उपयोग झालाच.)

विषय: कोणत्या गाण्याला कोणती कार्ट्रिज.

टर्नटेबलवर रेकॉर्ड फिरते, तिच्या रेघेतून सुई जाते, आणि सुई ज्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. आवाज तिथे तयार होतो. लोकांना वाटतं सुई म्हणजे सुई. लोकांचं काय, गाढवं आहेत. लावणीची सुई कव्वालीला चालत नाही, कव्वालीची भजनाला नाही. हे मी वाचलंय आणि मला पटलंय. माझ्याकडे तीन आहेत. एक बाबांच्या जुन्या मशीनची, जड, तिला मी म्हातारी म्हणतो. दुसरी जाड गोल टोकाची, दणकट, तो पैलवान. तिसरी पुण्याहून मागवली, टोक केसाहून बारीक. त्या बाईसाहेब. त्यांची किंमत राणीला सांगितलेली नाही.

राणी म्हणजे बायको. घरी ब्लाउज शिवते. तिच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाचा प्रयोगाला अडथळा होतो, हे तिला शांतपणे समजावलं. तिनं कापड मोजायचा लाकडी गज उचलला. मी विषय बदलला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात बाबांनी लोखंडी पेटी उघडली. बाबा म्हणजे भिवाजी पाईकराव, एके काळचे 'भिवाजी लाऊडस्पीकर, डोंगरकडा'. आसपास कुठंही लग्न असो, भोंगा त्यांचा आणि रेकॉर्डी त्यांच्या. आई गेली त्या साली त्यांनी पेटीला कुलूप घातलं आणि बँकेत शिपाई झाले. मी तेव्हा चार वर्षांचा. पेटीत लावण्या, कव्वाल्या, भजनं, भीमगीतं, आणि तळाशी एक लहान रेकॉर्ड. लाल लेबल. लेबलवर एका गायकाचं नाव, खाली बारीक अक्षरात 'व महिला मंडळी'. ती मंडळी म्हणजे माझी आई जनकाबाई आणि गल्लीतल्या चार बाया. त्यातलं एक कडवं आई एकटी म्हणते, असं बाबा सांगतात.

आईच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण नाही. मला तो आवाज आठवत नाही.

बाबांचा उजवा कान गेलाय, डावा जायला लागलाय. नांदेडचा डॉक्टर म्हणाला, कानाचं मशीन लावलं तरी फार दिवस नाहीत. बाबा म्हणाले, ऐकू येऊन राहिलं तवर एकडाव लाव बाबू, काहून वाट पाहून राहिला.

मी नाही म्हणालो. पहिल्यांदा ऐकायचं तर बरोबर सुईनं. आधी तिन्हींची तुलना, मग तक्ता, मग निकाल. चार मे हा आईचा स्मृतिदिन. त्या दिवशी अंगणात, सगळ्यांसमोर, आईचा आवाज. ठरलं म्हणजे ठरलं.

१८ मार्च

लॅबमधला डिजिटल काटा घरी आणला. विचारून आणला असता, पण फिजिक्सचे अमृतराव सर वर्गावर होते.

तिन्ही सुयांचा भार मोजला. म्हातारी रेकॉर्डवर अशी बसते की उठवायला लागते. पैलवान तिच्या निम्म्यानं. बाईसाहेब जेमतेम टेकतात.

बाबा बघत होते. त्यांनी खिशातून चार आण्याचं जुनं नाणं काढलं आणि सुई धरणाऱ्या आर्मच्या डोक्यावर ठेवायला निघाले. मांडवात माणसं नाचायला लागली की जमीन हलायची आणि सुई उडायची, म्हणून लाऊडस्पीकरवाले वर नाणं ठेवायचे. सगळेच ठेवायचे. बाबांनी ते नाणं अजून जपलंय. मी त्यांचा हात बाजूला केला. राणी म्हणते झटकला. नाणं पलंगाखाली गेलं. शब्दांचा फरक आहे.

बाबांना सांगितलं, नाण्यानं रेघ खरवडते, हा रानटीपणा आहे. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, वरडू नको, ऐकू येतंय मला. मी ओरडलो नव्हतो. आवाजाची पातळी वाढवली होती.

२३ मार्च, रविवार. दुपार.

पहिली चाचणी. पैलवानावर लावणी. ढोलकी अशी आली की बोटं मोजावीत.

समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये योगेशचा डीजे आहे. तांड्यावरचा पोरगा, आता चाळिशीला आलाय. त्याचा बाप बैलगाडीतून बाबांचे भोंगे न्यायचा, म्हणून तो बाबांना काका म्हणतो. मला काही म्हणत नाही. लग्नसराईमुळे रोज दुपारी त्याचं टेस्टिंग असतं. लावणी रंगात आली आणि यानं बेस सोडला. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. सुई ढोलकीवरून उडाली ती थेट शेवटच्या कडव्यात.

मी शांतपणे उठलो. परसातली पहार घेतली, रस्ता ओलांडला आणि योगेशच्या मोठ्या स्पीकरच्या पडद्यात ती घातली. आरपार. पहार आतच अडकली.

योगेश काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं. मग त्यानं माझी मान काखेत धरली आणि डोकं शेडच्या पत्र्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. पत्र्याला पोचा आला. तेवढ्यात बाबा आले. योगेशनं मला तसंच काखेत ठेवून वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि म्हणाला, काका, तुमच्याकडं पाहून सोडून राहिलो, न्हाई तर आज याचं मयतच होतं. बाबांना अर्धंच ऐकू आलं. ते म्हणाले, बराबर हाय.

निष्कर्ष: लावणीला पैलवान उत्तम. कपाळाला बर्फ.

पहार योगेशकडेच राहिली. उद्या मागू.

२४ मार्च

मागितली नाही. वातावरण नव्हतं.

संकल्प: राग आवरायचा. आला तर.

२९ मार्च, शनिवार

कव्वालीचा दिवस. कव्वालीत टाळ्या सुट्या सुट्या ऐकू यायला हव्यात, ही कसोटी. म्हातारीला बसवायला घेतलं. मागे केसासारख्या चार तारा, चार रंगांच्या. चिमट्यानं एकेक बसवायची. तीन बसल्या. चौथी तुटली. पुन्हा सोलून बसवली, तर पहिली निघाली. पहिली बसवली, तर तिसरी. बाजूला राणीची मशीन खडखड, खडखड. माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. हा राग नाही, रक्तदाब आहे.

मग म्हातारी हातातून भिंतीकडे गेली. राणी म्हणते फेकली. भिंतीवर आपटून ती फरशीवर पडली आणि तिथं तिच्यावर माझा पाय पडला. नंतर पुन्हा पडला. राणी म्हणाली, मेली ती, आता उतरा तिच्यावरून.

बाबांनी तुकडे वेचले, रुमालात बांधले आणि खिशात ठेवले. याच सुईवर त्यांनी किती लग्नं वाजवली कोण जाणे. मग म्हणाले, मंग आता त्या दुसरीवर लाव की तिचं गाणं. मी म्हणालो, बाबा, तुलना अर्ध्यावर सोडता येत नाही.

निष्कर्ष: कव्वालीला म्हातारी चालत नाही.

५ एप्रिल

अमृतराव सर काटा न्यायला घरी आले. सुट्टीच्या दिवशी, न कळवता, माणसानं माणसाच्या घरी यावं का? मी म्हणालो, तुलना चालू आहे. ते म्हणाले, काटा कॉलेजचा आहे. मी म्हणालो, विज्ञान कुणाच्या बापाचं नाही. त्यांनी काटा एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या बाजूनं.

मी चावलो हा आरोप खोटा आहे. ओढाओढीत त्यांचं मनगट माझ्या तोंडाजवळ आलं आणि मी त्या वेळी बोलत होतो. बोलताना तोंड उघडतं, मग मिटतं.

काटा गेला. जाताना सरांनी मला ढकललं, मी दारावर आपटलो, दार राणीच्या मशीनवर आपटलं. राणीनं आम्हा दोघांनाही गजानं बाहेर काढलं. सरांना एक, मला तीन. घरच्या माणसाला झुकतं माप.

७ एप्रिल

कॉलेजचा मेमो. 'असभ्य व हिंसक वर्तन.' असभ्य एक वेळ समजू शकतो. उत्तर लिहायला घेतलं, पेन मोडलं. हल्लीची पेनं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात वंदना. पंचशील म्हणताना पहिल्याच, हिंसा न करण्याच्या शीलाशी खोकला आला. धूळ फार आहे. घरोघरी खीर.

बाबांनी नवा पांढरा सदरा घातला, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, आज तरी लाव. तिचाच दिस असायचा हा, रातभर गायची, आवाज बसला तरी गायची. म्हणाले, भीमगीतच हाय ते, आज न्हाई लावायचं तर कवा.

माझं मन हललं होतं. पण भजनाची चाचणी राहिली होती, आणि पैलवान की बाईसाहेब हे ठरल्याशिवाय आईला सुई लावणं म्हणजे, मी त्यांना म्हणालो, डॉक्टरनं आजार न बघता पोट फाडल्यासारखं. त्यांना 'पोट फाडल्यासारखं' एवढंच ऐकू आलं. ते उठून गेले. दुपारी चौकात भोंग्याच्या खांबाला डावा कान लावून बसलेले दिसले. लोकांना वाटलं, डुलकी लागली.

आणखी थोडाच वेळ. चार मेला सगळं भरून निघेल.

२० एप्रिल, रविवार

भजनाची चाचणी. मोठी तयारी. योगेश लग्नाला भाड्यानं जाणार होता. राणी बाजारात. गल्ली सामसूम. बाईसाहेबांची चाचणी आधी झाली. आता पैलवान बसवायचा, तोवर तो सदऱ्याच्या खिशात. टाळ, वीणा, सगळं सुटं सुटं ऐकायचं होतं.

कोंबडा आरवला. शेजारच्या नानीबाईचा. भर दुपारी. भिंतीवर बसून, माझ्याकडे बघून.

हाकललं. गेला. पुन्हा आला. पुन्हा आरवला. मी मनातल्या मनात श्वासाकडे लक्ष दिलं. श्वास आत, श्वास बाहेर. मग वीट घेतली. माझा नेम चांगला आहे. कोंबडा वाईट निघाला. तो खाली बसला. वीट वरून गेली आणि योगेशच्या टेम्पोच्या पुढच्या काचेतून आत शिरली. टेम्पो निघायच्या बेतात होता. योगेश स्टिअरिंगवर होता. वीट त्याच्या मांडीवर.

यानंतरचा तपशील नीट लागत नाही. योगेश भिंत चढून आला एवढं आठवतं. मी संवादाचा प्रस्ताव मांडला. त्यानं माझ्या डाव्या कानफटात दिली. अशी की डोक्यात शिट्टी सुरू झाली आणि बाकी दुनिया बंद. मी पडलो, तो छातीवर बसला. खिशात पैलवान होता. कटकन आवाज झाला. मला वाटलं फासळी. फासळी असती तर बरं झालं असतं.

नानीबाई वरून ओरडत होती, मारू नको रे, मरंल ते, न्हाई तर बराबर बोच्यावर हाण.

निष्कर्ष: भजनाला बाईसाहेब.

२२ एप्रिल

हिंगोलीचा डॉक्टर. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. वर लाज वाटेल असा प्रश्न: घरात भांडणं होतात का?

खरं सांगायचं तर एका कानानं तुलना जास्त अचूक होते. दोन कानांचं एकमेकांशी जुळेलच असं नाही.

२८ एप्रिल

तुलना पूर्ण. बाईसाहेब पहिल्या. (पैलवान आणि म्हातारी आता स्पर्धेत नाहीत, पण ते सांगायची गरज नाही.) मोठ्या कार्डशीटवर तक्ता केला. रंगीत स्केचपेन. आडवे रकाने संगीताचे, उभे सुयांचे. शेवटचा रकाना 'स्त्री-आवाज' रिकामा ठेवलाय. तो चार मेला भरायचा, सगळ्यांसमोर.

सकाळी कुकरची शिट्टी झाली, बाबांनी मान वळवली नाही. राणी हातातलं काम टाकून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, बास झालं, आजच लावा, बाबांचा कान चालला. मी म्हणालो, आता दिवस राहिले किती. ती म्हणाली, कानाला कॅलेंडर कळत नाही. मी टेबलावर मूठ आपटली. टेबल खाली गेलं. जुनं होतं.

बाबा म्हणाले, म्या ऐकीन का न्हाई तवर. प्रश्न होता की काय, कळलं नाही. मी मान डोलावली.

३ मे, शनिवार. संध्याकाळ.

सगळं सज्ज. नवा अॅम्प्लिफायर, कारण बाईसाहेबांचा आवाज फार नाजूक निघतो. अंगण शेणानं सारवलं. आईचा फोटो, हार, मेणबत्त्या. राणी योगेशकडे जाऊन आली. तो म्हणाला, काकीचा दिवस हाय, उद्या शेडचं कुलूप काढनार न्हाई. माणूस सुधारतो. मी माफ केलंय त्याला. पहार उद्यानंतर मागू.

आज बाबांनी दाढी केली. दोनदा.

मी उद्या बोलायला एक छोटी प्रस्तावना तयार केलीय.

५ मे. दवाखान्यातून.

डाव्या हातानं लिहितोय, उजव्याला प्लास्टर. अक्षर समजून घ्यावं. (कुणी? वाचणार मीच.)

काल सकाळी मंडळी जमली. त्रिसरण, पंचशील झालं. आईबरोबर गायलेली एक म्हातारी बाई अजून आहे, तीही आली. बाबा अगदी पुढे, खुर्ची स्पीकरला चिकटवून, डावा कान त्याच्याकडे केलेला. रेकॉर्ड फिरत होती. सुई वर धरलेली. मी प्रस्तावना सुरू केली.

प्रस्तावना जरा लांबली. पण म्हातारी, पैलवान आणि बाईसाहेब यांच्यातला फरक कळल्याशिवाय लोकांना आईचं कडवं काय कळणार? तक्ता भिंतीवर लावला, कव्वालीच्या टाळ्या समजावल्या. राणी मागून हात हलवत होती. मला वाटलं, मोठ्यानं बोला म्हणतेय. मी मोठ्यानं बोललो. बाबा एकदा म्हणाले, सुरू झालं का?

भजनाच्या रकान्यापर्यंत आलो आणि नाक्याकडून परगावची वरात आली. परगावचा डीजे, ट्रॉलीवर. आमच्या दारात येऊन वऱ्हाडी थांबले आणि नाचायला लागले. मेणबत्त्या विझल्या. आईचा फोटो वाकडा झाला. मी घाईनं सुई टेकवली. उडाली. पुन्हा टेकवली. उडाली. गाण्याच्या सुरुवातीची बाजाची पेटी एक क्षण ऐकू आली, बाबांनी डोळे मिटले, आणि सुई पुन्हा उडाली.

त्यावर मी काय करावं? मी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. नाणं काढलं. आणि ते बाईसाहेबांच्या डोक्यावर ठेवलं.

नाण्याच्या भारानं बाईसाहेब पोटावर बसल्या. टोक मोडलं. मोडक्या टोकानं रेकॉर्डवर एक पांढरी रेघ ओढली, गाण्याच्या सुरुवातीवर, आणि नव्या अॅम्प्लिफायरमधून असा आवाज निघाला की ती म्हातारी बाई खुर्चीवरून खाली आली. बाबांनाही तो ऐकू आला. त्यांनी विचारलं, जनका हाय का ही?

पुढचं मला इतरांकडून कळलं. मी अॅम्प्लिफायर तारांसकट उचलला आणि वरातीत शिरलो. तो डीजेवाल्याच्या लॅपटॉपवर मारला, मग लॅपटॉप डीजेवाल्यावर मारला. एका मामाचा फेटा माझ्या हातात आला, फेट्यात मामा होता. मग वरातीनं मला घेतलं. चपला, काठ्या, ताशाच्या टिपऱ्या, कुणीतरी नारळ. नवरदेवानंसुद्धा घोड्यावरून उतरून एक लाथ घातली आणि पुन्हा घोड्यावर बसला.

मला सोडवलं योगेशनं. एकटा आत घुसला, तिघांना लोळवलं, एकाचे दोन दात पाडले, मला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. आणि खाली ठेवल्यावर, हात चालूच होता म्हणून, मलाही एक ठेवून दिली. उजव्या कानावर.

ठाण्याचा जमादार येऊन गेला. त्यानं काय विचारलं कळलं नाही. मी सगळ्याला होय म्हणालो.

संकल्प: आता कशालाही हात लावायचा नाही. लावायला हात एकच आहे.

६ मे, मंगळवार. संध्याकाळ.

घरी सोडलं. दोन्ही कानांत कापूस. आत नुसता भोंगा वाजतोय. पडदे भरून येतील असं डॉक्टर म्हणाला, हे राणीनं खाणाखुणा करून सांगितलं.

दुपारी पडून उठलो, दारातून पाहिलं तर बाबा टर्नटेबलपुढे मांडी घालून बसलेले. हातात कागदाचं नरसाळं. नरसाळ्याच्या टोकाला राणीच्या शिलाई मशीनची सुई टोचलेली, रुंद तोंड डाव्या कानावर घट्ट दाबलेलं. आणि सुई आईच्या रेकॉर्डवर. कागद ओळखला. माझा तक्ता. लावणी, कव्वाली, भजन, सगळं गुंडाळून बाबांच्या कानात.

मी ओरडलो असणार, कारण राणीनं वळून पाहिलं. बाबांनी नाही.

मशीनची सुई म्हणजे नांगर. एकदा फिरली की रेघेत काही शिल्लक ठेवत नाही. हे मला माहीत आहे. मी बाबांना ओढून काढायला पुढे झालो. राणी मध्ये उभी राहिली, हातात लाकडी गज. वापरला तिनं. नडगीवर. मी खाली बसलो, आणि मग बसूनच राहिलो.

खालून बाबांचा चेहरा दिसत होता. आधी काहीच नव्हतं त्यावर. सुई माझ्या पांढऱ्या रेघेच्या पुढे गेली असावी, कारण भुवया वर गेल्या. मग ओठ हलायला लागले. मग मध्येच ते खदखदून हसले, दात नसलेलं हसू, आणि हसता हसता रडायला लागले. पण नरसाळं कानावरून हललं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा पाहिलं असेल, ते आठवत नाही.

गाणं संपलं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कान पुसला, तोंड नाही, कान, आणि नरसाळं माझ्यापुढे धरलं.

मी एका कानातला कापूस काढला. सुई ठेवली. कान लावला. काही नाही. जरा दाबली. काही नाही. आणखी दाबली. गालाला कागदाची थरथर लागत होती. कोणीतरी गात होतं, माझी आई गात होती, माझ्या गालाला लागून, आणि मला ऐकू येत नव्हतं. मी जोर दिला. राणीनं माझं मनगट पकडलं, काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, ऐकू येत नाही. आणखी जोर दिला.

तिनं शिवायला काढलेलं काळं अस्तर जमिनीवर पसरलं आणि खडूनं लिहिलं: कडव्याच्या आधी आई ढोलकीवाल्यावर खेकसतात. नरसाळ्याबाहेर मलाही ऐकू आलं. 'हळू मार रे, फुटंल ना.' बाबा तिथंच हसले.

मग खाली लिहिलं: खेकसणं डिट्टो तुमचं.

मी हात उचलला. सगळी बाजू पांढरी झाली होती. सुईच्या टोकाशी काळा चुरा जमला होता. बाबांनी तो बोटाच्या टोकानं गोळा केला आणि म्हातारीच्या तुकड्यांच्या रुमालात ठेवला.

आता एवढंच राहिलं. तक्त्यात 'स्त्री-आवाज' हा रकाना अजून रिकामा आहे. आवाज जाड होता की बारीक, वरच्या पट्टीतला की खालच्या, एवढं कळलं तरी भरता येईल. राणीला विचारलं, ती लिहिते की तिला ते खेकसणं तेवढं ऐकू आलं, गाणं नाही. गाणं फक्त बाबांनी ऐकलं. तेव्हा त्यांनाच विचारायला हवं.

त्यांना विचारायचं तर ओरडावं लागतं. आणि ओरडायचं नाही, असं मी आजच ठरवलंय.